रात्री नऊ वाजले की गाणं अडकायचं: ब्लूटूथ, कास्ट, वायफाय आणि शेवटी एक वायर

दुपारी सगळं मस्त. सकाळी अभंग लावा, एक सेकंद तुटणार नाही. आणि रात्री जेवणं उरकून निवांत ऐकायला बसलं की गाणं दोन सेकंद गप्प, परत सुरू, दहा मिनिटांनी परत गप्प. मग हळूहळू डबा, म्हणजे वायफायवरून गाणं घेऊन ॲम्प्लिफायरला देणारं यंत्र, मोबाईलवर दिसेनासाच व्हायचा, राऊटर बंद-चालू केला की दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. हे आमच्याकडे सात-आठ महिने चाललं. तेवढ्या काळात मी ब्लूटूथ, कास्ट, मोबाईलमधून डीएलएनए, लॅपटॉप, रास्पबेरी पाय (एक छोटासा संगणक) असं सगळं करून बघितलं, त्यातलं निम्मं उगाचच केलं, म्हणून हे लिहितोय.

घर इंदूरचं, रामबागेतलं, जुनं, भिंती दीड फुटी. राऊटर पुढच्या दाराशी, कारण फायबर लावायला आलेल्या पोराला वायर आत ओढायचा कंटाळा आला होता. बाबांचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि दोन ढब्बू स्पीकर मागच्या खोलीत. पावलं मोजली तर बावीस, पण मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. हे कपाट पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

आणि ऐकतो काय, तर इंदूरचं घर, म्हणजे इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ आलेच. त्यांचा तो अति विलंबित झूमरा ताल, चौदा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला जवळजवळ मिनिट लागतं, माणूस श्वास धरून समेची वाट बघत असतो आणि नेमकं तिथेच दोन सेकंद शांतता. फिल्मी गाण्यात दोन सेकंद गेले तर बायको म्हणते काय झालं, झूमऱ्यात गेले तर आत्या उठून जाते. अक्षरशः उठून गेली होती एकदा, चपला घालेपर्यंत.

तर सगळ्यात आधी करायचं ते हे. गाणं चालू असताना मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, आणि ब्लूटूथ किंवा वायफाय तरी चालू राहिलं असेल तर तेही बंद करा. बस. गाणं लगेच थांबलं तर आवाज तुमच्या मोबाईलमधून वाहतोय. चालूच राहिलं तर डबा स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतोय आणि मोबाईल नुसता रिमोट आहे. आणि चालू गाणं पूर्ण वाजलं पण पुढचं आलंच नाही, तर तिसरा प्रकार, मोबाईल गाण्यांची यादी धरून बसलाय आणि डब्याला एकेक घास भरवतोय. हे कळल्याशिवाय काहीही दुरुस्त करायला जाऊ नका, मी गेलो आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये दोन महिने घातले, जेव्हा की मोबाईलचा त्यात काही संबंधच नव्हता.

पहिल्या प्रकारात ब्लूटूथ येतं. ॲपलचं एअरप्लेही बहुतेक वेळा त्यातच, आणि लॅपटॉपवर ब्राउझरचा टॅब कास्ट करता तेही त्यातच, कारण तेव्हा लॅपटॉप आवाज पकडून, पिळून (म्हणजे आकाराने लहान करून) पुढे पाठवत असतो. दुसऱ्या प्रकारात ॲपमधलं ते कास्टचं बटण (डब्याला नुसतं सांगायचं, हे गाणं तू ओढ) आणि तसंच स्पॉटिफाय कनेक्ट. (पण मोबाईलमध्ये साठवलेली फाईल कास्ट केली तर परत मोबाईलच हमाल.) तिसरा म्हणजे डीएलएनए, घरातल्या हार्ड डिस्कवरची गाणी मोबाईलच्या ॲपमधून डब्यावर लावणं.

या तिसऱ्याचं आधी उरकतो कारण इलाज सोपा आहे. गाणं संपलं आणि पुढचं लागलं नाही याचं कारण नव्वद टक्के वेळा हे, की स्क्रीन बंद झाल्यावर अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला ॲपला झोपवलं. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. नाहीतर यादी डब्यावरच ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या, तेच जास्त बरं.

ब्लूटूथबद्दल लोक फार नाक मुरडतात. मी तेवढं मुरडणार नाही. साध्या एसबीसीमध्ये (आवाज पिळायची ब्लूटूथची पद्धत, एपीटीएक्स आणि एलडॅक तशाच) जास्तीत जास्त सव्वातीनशे केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या किलोबिटच्या, आसपास जातात, एपीटीएक्समध्ये ३५२, एलडॅक ९९० पर्यंत जातं पण सिग्नल ढिला पडला की गुपचूप ६६० किंवा ३३० वर उतरतं. सीडीचे सरळ न पिळलेले १४११ असतात, त्या मानाने कमी हे खरं, पण बाबांच्या त्या स्पीकरवर मला एपीटीएक्स आणि फ्लॅक (दर्जा न घालवता पिळलेली फाईल) यांतला फरक डोळे मिटून सांगता आलेला नाही. आत्याला आला. ती म्हणाली तंबोऱ्याची जव्हारी एकात बोथट लागते. असेल.

ब्लूटूथचा खरा वैताग वेगळा. एक तर व्हॉट्सॲपचं 'टिंग' दोन ढब्बू स्पीकरमधून येतं, रात्री अकराला कुणीतरी गुड नाईटचा गुलाब पाठवतो आणि मांजर पळून जातं. दुसरं म्हणजे ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे वायफायच्याच गल्लीत, आणि मायक्रोवेव्हही तिथेच, २.४५ वर. ब्लूटूथ बिचारं ७९ चॅनेलांवर उड्या मारत रिकामी जागा शोधतं, पण आमच्याकडे दूध गरम करायला ठेवलं की नव्वद सेकंद गाणं फुटाण्यासारखं फुटायचं. तुमच्याकडे ठरावीक वेळी अडकत असेल तर आधी स्वयंपाकघरात बघून या. शिवाय मोबाईल मागच्या खिशात ठेवून फिरू नका, आपलं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, हा सिग्नल पाण्यात मुरतो.

बरं, आता 'डबा ॲपमधून गायब होतो' याचं. माझ्या मेव्हण्याकडे गूगलचा तो छोटा गोल क्रोमकास्ट ऑडिओ आहे, २०१५ ला आलेला. गूगलने तो बनवणं जानेवारी २०१९ मध्येच बंद केलं पण त्याच्याकडे अजून चालतो. सुदामा नगरला राहतो तो, आणि त्याचा रोजचा फोन, भाऊजी डबा गेला, भाऊजी डबा आला. जाऊन बघितलं तर घरात दोन राऊटर. एक इंटरनेटवाल्यांनी दिलेला, दुसरा त्याने वरच्या मजल्यासाठी स्वतः आणून पहिल्याच्या मागे जोडलेला, आणि दोघेही आपापलं वेगळं नेटवर्क मांडून बसलेले. डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा, मोबाईल वर गेला की त्याचा १९२.१६८.० ने. एकाच घरात दोन मोहल्ले. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून संशयच येत नाही, पण मोबाईल डब्याला हाक मारतो ती हाक दुसऱ्या मोहल्ल्यात जातच नाही. दुसरा राऊटर 'ॲक्सेस पॉईंट' मोडवर टाकला, म्हणजे वेगळं नेटवर्क न मांडता तो पहिल्याचंच पुढे पोचवतो, पाच मिनिटांचं काम, त्यानंतर फोन नाही. म्हणजे फोन येतात, या कामाचे नाहीत.

राऊटर एकच असेल आणि तरी डबा दिसत नसेल तर बघा मोबाईल 'गेस्ट' वायफायवर तर नाही, किंवा राऊटरमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू तर नाही. दोन्हीत उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, ते त्यासाठीच असतं. आणि दर काही दिवसांनी गायब होत असेल तर राऊटरमध्ये जाऊन डब्यासाठी आयपी पत्ता राखून ठेवा, ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात त्याला. माझ्याकडे तिसऱ्या दिवसाचं दुखणं बरंचसं यानेच गेलं.

पण रात्री नऊचं गेलं नाही. ते खरं चिवट.

इंटरनेट कंपनीला फोन केला. त्यांचं उत्तर ठरलेलं, सर तुमचा प्लॅन पन्नास एमबीपीएसचा आहे, दोनशेचा घ्या. घेतला. काडीचा फरक नाही, आणि पडणार तरी कसा, जरा हिशोब केला असता तर पैसे वाचले असते. सीडी दर्जाचं गाणं अगदी न पिळता म्हटलं तरी १.४ एमबीपीएस, फ्लॅकमध्ये साधारण एकाच्या खालीच, आणि २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं भारीतलं भारी स्टिरिओ घेतलं तरी सव्वानऊ. पन्नासच्या नळाला एक वाटी भरत नसेल तर नळ बदलून उपयोग नाही, मध्ये पाईप कुठे तुंबलाय ते बघा. त्यात मी स्पीड टेस्ट कुठे करत होतो, तर राऊटरशेजारी उभा राहून. तिथे चांगलीच येणार.

बरोबर टेस्ट अशी. जिथे डबा आहे तिथे, त्याच वेळेला, राऊटरलाच पिंग करा, म्हणजे त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. गूगलला नाही, राऊटरच्या घरच्या पत्त्याला. माझ्याकडे तोवर रास्पबेरी पाय आला होता, त्यावर डॅकची पाटी (डिजिटल गाण्याचा ॲम्पला कळेल असा आवाज करणारी) बसवलेली, त्याच्यातूनच पिंग लावून ठेवलं आणि समोर वही घेऊन बसलो. दुपारी तीनला दोन-तीन मिलिसेकंद. रात्री आठला दहा-पंधरा. नऊ वाजून दहा मिनिटांनी तीनशे, चारशे, मग काही हाकांना उत्तरच आलं नाही, आणि बरोब्बर त्याच वेळी खाँसाहेब गप्प. म्हणजे इंटरनेट निर्दोष, कंपनीही या बाबतीत निर्दोष, भानगड घरातल्याच बावीस पावलांत. राऊटरचं पिंग चांगलं आणि बाहेरचं खराब असतं तर मी कंपनीशी भांडलो असतो, आणि जरा आनंदाने भांडलो असतो.

मोबाईलवर वायफाय ॲनालायझर टाकून बघितलं तर रात्री सतरा नेटवर्क दिसत होती. रामबागेत घरं पाठीला पाठ लावून उभी, त्यात आजूबाजूला वर वर मजले चढलेत, सगळे नऊ वाजता घरी, सगळ्यांचे टीव्ही इंटरनेटवर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११, आणि आमचा राऊटर 'ऑटो'वर ६ धरून बसलेला, तिथे आणखी नऊ जण. मी त्याला ११ वर नेला, चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झची २० केली. (४० ठेवलं की आपण अर्धा रस्ता अडवतो आणि आपल्यालाच धक्के जास्त बसतात.) आठवडाभर स्वर्ग. मग शेजाऱ्यांचे ऑटोवाले राऊटरही हुंगत हुंगत ११ वर आले.

लोक म्हणतील वायफायचं ५ गिगाहर्ट्झ वापर. बरोबर आहे, मोकळं असतं ते, ज्यांचा डबा आणि राऊटर एकाच खोलीत किंवा एका पातळ भिंतीपलीकडे आहे त्यांनी डोळे मिटून तेच करावं. पण ते जाड भिंतीत लवकर दम तोडतं, आमच्या दोन भिंतींपलीकडे एक कांडी दिसायची तीही दया म्हणून. वर माझा रास्पबेरी पाय ३ बी मॉडेलचा, त्याला ५ येतच नाही, ३ बी प्लसपासून पुढे येतं. आणि तो ठेवलेला कुठे, तर त्या लोखंडी कपाटाच्या मागे, दिसायला नको म्हणून. कपाटामागून काढून स्पीकरच्या डोक्यावर ठेवला तर नऊचं अडकणं निम्म्यावर आलं. फुकटात. हे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं.

उरलेलं निम्मं वायरने गेलं. बाजारातून नेटवर्कची कॅट ६ तीस मीटर वायर आणली, पुढच्या खोलीतून खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून चौकात, चौकातून भिंतीच्या कडेने मागे. बायकोचा विरोध होता, तुळशीवरून वायर जाता कामा नये, नाही गेली, वळसा घातला. पाय ३ बी ची लॅन (वायरीने नेटवर्कला जोडायची सोय) शंभर एमबीपीएसचीच आहे पण वरचा हिशोब बघा, शंभरात दहा वेळा मावतं. पिंग आता रात्रीही एकाच्या आत. त्या दिवसापासून नऊ वाजता एकदाही अडकलं नाही. म्हणून मला कुणी विचारलं की वायफायचा महागडा स्ट्रीमर घेऊ का, तर मी म्हणतो घे, पण लॅनचं भोक असलेला घे.

पायवाल्यांसाठी दोन गोष्टी मध्येच. मोबाईलच्या चार्जरवर चालवू नका. त्याला ५.१ व्होल्ट अडीच अँपिअर लागतं, व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो स्वतःला हळू करतो, स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतो, पण आपण स्क्रीन जोडतच नाही, मग नुसतं टक टक ऐकू येतं आणि आपण डॅकला शिव्या देतो. आणि लाईट गेली की एसडी कार्ड मरतं, माझी दोन गेली. आता पायकोरप्लेअर हे पायवर गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलंय, ते सगळं रॅममध्ये चढवून चालतं, लाईट गेली तर गेली. दिसायला मूड किंवा वॉल्युमिओ ही सॉफ्टवेअरं जास्त छान, मान्य.

जोडताना ॲम्पच्या 'ऑक्स' किंवा 'टेप'ला जोडा, 'फोनो'ला नाही, फोनो रेकॉर्डच्या सुईसाठी असतं, तिथे आवाज फाटणारच. आणि डब्याचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त ॲम्पच्या गोल बटणाने करा.

आता गुणगुण. हे मला कळलंच नसतं. अडकणं गेल्यावर मी मोठ्या दिमाखात आत्याला बोलावलं, लोकमान्य नगरहून रिक्षाने आली, बसली, गाणं सुरू व्हायच्या आधीच कपाळाला आठी. म्हणाली, "अरे, हा कोण खर्जात बेसूर लावून बसलाय?" मी म्हटलं कुठे काय. तिने ॲम्पकडे बोट केलं. कान स्पीकरला लावला तर खरंच, बारीक हंऽऽऽ. मला तो शांततेचाच भाग वाटत होता, इतकी सवय झालेली.

बेसूर म्हणजे किती, तेही तिने गाऊन दाखवलं. तिची पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी). काळी चारचा खर्ज, म्हणजे खालचा सा, बसतो १०३.८ हर्ट्झला, आणि आपली लाईट ५० हर्ट्झची, गुणगुण तिच्या दुपटीची, १००. म्हणजे पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या खाली, ना इकडचा ना तिकडचा, दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला चारेक ठोके पडतात. तिने मोबाईलवरचा तंबोरा लावला आणि मला ते वंव वंव वंव चक्क मोजून दाखवलं. असा फॉल्ट मीटरशिवाय शोधणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

कारण असं निघालं. तिच्या जुन्या कॅसेटी मी लॅपटॉपवर उतरवतोय, म्हणून लॅपटॉप ॲम्पच्या दुसऱ्या इनपुटला कायमचा जोडलेला. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनी, टेबलाजवळच्या बोर्डात. ॲम्पही तीन पिनी, पण भिंतीपलीकडच्या बोर्डात, तिथली वायरिंग वेगळ्या काळातली. दोन ठिकाणी अर्थिंग, मध्ये ऑडिओची केबल, झाला वेढा पूर्ण, त्यातून लाईटची गुणगुण फिरत राहते. ग्राउंड लूप म्हणतात. मी फसलो कारण मी इनपुट पायवर ठेवून ऐकत होतो आणि म्हणत होतो लॅपटॉपचा काय संबंध, पण ॲम्पच्या आत सगळ्या इनपुटांची ग्राउंड एकच असते, बटण फिरवल्याने ती सुटत नाही. ओळखायचं कसं, तर चार्जर सॉकेटमधून उपटा. गुणगुण गेली की चोर सापडला.

इथे एक इलाज लोक सर्रास सांगतात तो करू नका, अर्थिंगची पिन काढून टाकणं. गुणगुण जाते, पण उद्या आत काही सुटलं तर ॲम्पच्या पत्र्यात करंट येईल आणि हात आपला असेल. त्याऐवजी ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर. आणला, गुणगुण गेली, पण स्वस्तातला असल्याने खालचा आवाज खाल्ला, डग्ग्याची घुमक अगदी डबा वाजवल्यासारखी. मग साधं सुचलं ते केलं. महाराणी रोडवरून एक जाड वायरीचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि ॲम्प, लॅपटॉप, पाय तिन्ही एकाच बोर्डावर घेतले. स्पीकरला कान चिकटवला तर अजून किंचित येते, दोन हातांवरून नाही. लॅनच्या वायरीमुळे गुणगुण वाढेल का ही भीती होती, नाही वाढत, साध्या लॅनच्या टोकाला आतच ट्रान्सफॉर्मर असतो. ज्यांच्या डब्याला आणि ॲम्पला ऑप्टिकल आहे त्यांना यातलं काहीच नको, त्या वायरीतून उजेड जातो, करंट नाही. बाबांच्या ॲम्पला कुठून असणार.

आत्याला परत बोलावलं. साडेनऊची वेळ मुद्दाम ठरवली. झूमरा सबंध गेला, एकही सम चुकली नाही, स्वयंपाकघरात दूधही गरम झालं. मग मध्येच, जिथे जुन्या रेकॉर्डची एक बाजू संपून दुसरी सुरू होते, तिथे दीड सेकंद थांबलं. मी लगेच मोबाईल काढला, म्हटलं गॅपलेस चालू करायचं राहिलं वाटतं, क्रॉसफेड पण बंद करतो, एक मिनिट. आत्या म्हणाली, "राहू दे रे तेवढं. तिथे दादा तबकडी उलटायला उठायचा."